रीगाहून आई-बाबांना

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

प्रकृती उत्तम आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत आणि मेतकुटाचा डबा अजून संपलेला नाही.

बाबा, चाळीस जणांच्या रांगेत उभे राहून गाणाऱ्याचे पुढे काय होते, असे तुम्ही विचारलेत आणि मी चिडून फोन ठेवला. आता नीट लिहिते. येथील लात्वियन संगीतकार एरिक्स एशेनवाल्ड्स यांचा जन्म १९७७ सालचा. त्यांनी आधी दोन वर्षे धर्मशास्त्र केले, मग संगीत अकादमीत शिकले आणि २००२ ते २०११ ‘लात्विया’ या सरकारी गायकवृंदात गायले. रचना करणे त्याच काळात चालू होते. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना दोन वर्षे बोलावले, आणि आज देशोदेशीचे वृंद त्यांचे संगीत गातात. कोणत्या आवाजाचा दम कुठे संपतो, हे रांगेत उभे राहिल्यावाचून कळत नाही, असे माझे मत झाले आहे. त्यांच्या ‘स्टार्स’ या रचनेत पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवरून ओले बोट फिरवतात. आपले जलतरंगच, फक्त काडीचा आघात नाही. आम्ही ते बसवले तेव्हा माझा पेला चढा लागत होता, म्हणून चमच्या-चमच्याने पाणी घालत बसले.

कार्यक्रमानंतर येथे गाणाऱ्यांना फुले देतात, पण ती विषमच हवीत: तीन, पाच, सात. सम फुले फक्त मयताला. पहिल्या वर्षी मी आमच्या संचालिकाबाईंना सहा ट्युलिप दिले, तर त्यांनी निमूटपणे एक काढून माझ्या हातात ठेवले. एकशे एकाचे पाकीट देणाऱ्या घरातल्या मुलीला हे आधीच उमगायला हवे होते. आता एका देठावर दोन कळ्या असल्या तर ते एक धरायचे की दोन, यावर मी दुकानात दहा मिनिटे घालवते.

नोकरी सोडलेली नाही. आठवड्यातून तीन दिवसांवर आणली आहे. उरलेल्या दिवसांत आजीच्या जात्यावरच्या ओव्या चार आवाजांसाठी लिहिते आहे. ‘ळ’ येथे कोणाच्याच जिभेला वळत नाही, तरी सगळे मनापासून घोकतात. नोकरीचे दिवस कमी केल्यामुळे या महिन्यापासून घरी पंचवीसऐवजी पंधरा हजार येतील. बाबांच्या औषधांत काटकसर करू नये. धाकटीच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही, कारण त्याच शनिवारी ओव्या प्रथम गायल्या जाणार आहेत. लग्नाचे तिकीट मात्र काढले आहे. सांगलीच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवून ठेवू नका.

आई, दुसऱ्या ओवीच्या शेवटी आजी सूर खाली सोडायची की वरच धरायची, ते मला आठवेनासे झाले आहे. रविवारी फोनवर म्हणून दाखव.

तुमची,
थोरली