भाषेची पदवी आणि तिच्यापुढच्या वाटा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठात आधुनिक भाषा शिकायची इच्छा एखाद्या मुलाने किंवा मुलीने बोलून दाखवली, की पहिला प्रश्न येतो तो ‘पुढे करणार काय?’ हा. त्याचे उत्तरही विचारणाऱ्याजवळ तयार असते: शिक्षक व्हायचे, नाहीतर अनुवादक, आणि अलीकडे ‘अनुवाद तर आता यंत्रच करते’ हे वाक्य त्याला जोडले जाते. परकीय भाषा शिकवण्यात आणि अनुवादाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे हा प्रश्न मला मुळीच अनाठायी वाटत नाही. पालकांनी तो विचारायलाच हवा. मात्र त्याला दिले जाणारे उत्तर फार तोकडे आहे आणि त्यावर विसंबून भाषेची उत्तम जाण असलेली मुले या अभ्यासाकडे पाठ फिरवतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भाषा वर्गाबाहेरही शिकता येते, हे खरे आहे. परंतु किती, हे पाहिले पाहिजे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषाज्ञानाच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या मानल्या आहेत. प्रवासात अडू नये, दैनंदिन संभाषण करता यावे, इतपत तयारी पहिल्या तीन पातळ्यांत होते. करार वाचणे, अहवाल लिहिणे, एखाद्याच्या बोलण्यातला आडपडदा ओळखणे ही कामे त्यापुढच्या पातळ्यांवरची आहेत आणि तिथे पोहोचायला वेळ लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी भाषेत कामापुरते प्रावीण्य मिळवण्यासाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात. विद्यापीठातली तीन-चार वर्षे हा वेळ देतात. शिवाय त्या भाषेतले साहित्य, त्या समाजाचा इतिहास, तिथली राज्यव्यवस्था आणि भाषाविज्ञान यांची जोड देतात. एखादे सत्र किंवा वर्ष त्या भाषेच्या प्रदेशात राहून शिकण्याची संधी मिळाली, तर ती शक्यतो सोडू नये. युरोपात १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने अशा शिक्षणाची सोय फार मोठ्या प्रमाणावर करून दिली.

आता यंत्राविषयी. २०१६ च्या सुमारास न्यूरल पद्धतीचे, म्हणजे असंख्य अनुवादांच्या नमुन्यांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणक-प्रणालींचे, यंत्रानुवाद सर्वांच्या हाती आले आणि त्यांचा दर्जा झपाट्याने सुधारला, हे नाकारण्यात अर्थ नाही. साध्या पत्रव्यवहाराच्या आणि वस्तूंच्या वर्णनांच्या अनुवादाची कामे त्यामुळे कमी झाली आहेत, आणि यंत्राने केलेला मसुदा तपासून दुरुस्त करणे हाच अनेक अनुवादकांच्या दिवसाचा मोठा भाग झाला आहे. या दुरुस्तीचा मोबदला पुष्कळदा मूळ अनुवादापेक्षा कमी मिळतो, हेही विद्यार्थ्यांना आधीच सांगितले पाहिजे. परंतु यंत्राचे वाक्य सफाईदार असूनही अर्थ उलटा झालेला असू शकतो, आणि तो नेमका कुठे उलटला हे दोन्ही भाषा मुळापासून येणाऱ्यालाच कळते. औषधासोबतच्या माहितीपत्रकात मात्रेचा तपशील चुकला किंवा आरोपीच्या जबाबातला क्रियापदाचा काळ बदलला, तर त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते. ही जबाबदारी घेण्याची तयारी, माझ्या मते, भाषेच्या पदवीतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

कायद्याच्या क्षेत्रात या जबाबदारीचे महत्त्व विशेष जाणवते. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत आणि त्याचे कायदे या सर्व भाषांतून सारख्याच अधिकाराने लागू होतात. देशादेशांमधल्या करारांचे नियम ठरवणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना अधिसंधीतही, करारातच वेगळे ठरलेले नसेल तर, प्रमाणित केलेल्या प्रत्येक भाषेतल्या संहितेला समान दर्जा दिलेला आहे. म्हणजे अशा ठिकाणी भाषांतर ही केवळ सोयीची प्रत उरत नाही. तीच संहिता ठरते. फौजदारी खटल्यात आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत दुभाष्याची मदत मिळावी, हा हक्क युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशाने स्पष्ट केला. जिथे असा हक्क पाळायचा, तिथे प्रशिक्षित माणसे हवीतच.

दुभाष्याच्या कामाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण ते बाहेरून फार सोपे दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत, वक्ता बोलत असतानाच भाषांतर श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था होती. वक्ता फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लावला जाई आणि थांबवायचे असेल तेव्हा लाल. ही पद्धत तिथे यशस्वी ठरली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांतही रुळली. आज तिथल्या सहा अधिकृत भाषांसाठी ती नित्याची आहे. या कामाचा ताण इतका असतो की दुभाषे साधारणपणे दर वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने बसतात. जिनिव्हा विद्यापीठाने १९४१ मध्येच दुभाष्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले होते. दोन भाषा अस्खलित बोलता आल्या म्हणजे दुभाषा तयार झाला, हा समज किती जुना आणि किती चुकीचा आहे, हे त्यावरून दिसते.

दुभाषे आणि अनुवादक यांच्यापलीकडे पाहिले तर क्षेत्र बरेच विस्तारते. परराष्ट्र सेवा, वृत्तसंस्था, प्रकाशनसंस्थांचे हक्कविभाग, निर्यात, चित्रपटांची उपशीर्षके, सॉफ्टवेअरचे स्थानिकीकरण (ते स्थानिक भाषेला आणि रीतीला साजेसे करणे), शब्दकोश आणि परिभाषानिर्मिती, मानवतावादी मदतकार्य या सर्व ठिकाणी भाषेचे पदवीधर लागतात. यंत्रानुवादाच्या प्रणालींचे निकाल तपासायलाही भाषातज्ज्ञच लागतात. युरोपीय पेटंट कार्यालयाचे काम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषांत चालते. तिथे भाषेबरोबर विज्ञान समजणारा माणूस हवा असतो. माझा विद्यार्थ्यांना नेहमीचा आग्रह असतो तो याच कारणाने: भाषेसोबत दुसरा एक विषय गंभीरपणे शिका, मग तो कायदा असो, अर्थशास्त्र असो, संगणकशास्त्र असो की सार्वजनिक आरोग्य. आणि स्वतःची मातृभाषा दुय्यम मानू नका. व्यावसायिक अनुवादक बहुधा परक्या भाषेतून आपल्या भाषेत काम करतो आणि मजकुराची परीक्षा होते ती तिथेच. फ्रेंच उत्तम समजूनही स्वतःच्या भाषेत नीटस परिच्छेद न लिहिता आल्याने मागे राहिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

यासाठी विद्यापीठांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांना इतर विद्याशाखांतले विषय श्रेयांकांसह निवडण्याची मुभा द्यावी. यंत्राने केलेल्या मसुद्याचे परीक्षण आणि परिभाषेचे काम अभ्यासक्रमात घ्यावे. आणि आपले पदवीधर पाच वर्षांनंतर कोणत्या कामात आहेत, याची माहिती विभागांनी प्रवेशापूर्वीच जाहीर करावी. ही माहिती समोर असली तर ‘पुढे करणार काय?’ या प्रश्नावर घराघरांत होणारी चर्चा तरी अंदाजावर चालणार नाही.

आपली विश्वासू,
एक भाषा-शिक्षिका