काकूंच्या खोलीचा हिशोब

कराड,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

गावच्या घराला काकूंसाठी खोली जोडायची म्हणून तू पाठवलेला कागद बघितला. ठेकेदाराने चार ओळींत विषय संपवलाय. १२ बाय १४ ची खोली, लगत ५ बाय ८ चं संडास-बाथरूम, भिंती धरून २६५ चौरस फूट, फुटाला १७०० रुपये, एकूण ४ लाख ५० हजार ५००. खाली तू विचारलंयस, "पाच लाखांत बसेल ना?" लेका, या कागदावरून ते तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. दुकानात बसून सिमेंट आणि सळई विकताना मी रोज असले कागद बघतो. नवीन घर बांधणाऱ्याचं बजेट फार चुकत नाही. जुन्या घराला एक खोली जोडणाऱ्याचं हमखास चुकतं. मागच्या रविवारी टेप घेऊन तुझ्या घरी जाऊन आलो, म्हणून आज जरा लांबण लावतो. चहा करून घे.

आधी हा फुटाचा दर. तो अख्ख्या घरावरून काढलेला असतो. ३० बाय ४० चं बाराशे फुटांचं घर घेतलं तर बाहेरची भिंत १४० फूट भरते. १० बाय १० च्या खोलीला तीच भिंत ४० फूट. म्हणजे जागा बारावा हिस्सा, पण भिंत चौथ्या हिश्शाहूनही जास्त. त्यात तुझ्या २६५ फुटांत संडास-बाथरूम आलं. टाइल, नळ, पाइप, कमोड, वॉटरप्रूफिंग सगळं त्या चाळीस फुटांत, घरातली सगळ्यात महाग जागा ती. मोठ्या घरात हा खर्च बाकीच्या स्वस्त खोल्यांवर पसरतो, तुझ्याकडे पसरायला खोल्याच नाहीत. मिक्सर मशीन एक दिवस आणलं तर भाडं तेच, सेंट्रिंगवाला छोट्या कामाला तसाही नाक मुरडतो. त्यामुळे १७०० त कुणी "हो" म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, यात काय काय धरलेलं नाही? तुझ्या कागदात पायाची खोली लिहिलेली नाही, मुरूम भरणी नाही, मैलापाणी कुठं जाणार ते नाही, जुनी भिंत फोडून दार काढायचं नाही, विजेचं नाही, रंगही नाही.

आता खरी गोष्ट. तुझी सेप्टिक टाकी गोठ्यामागे आहे आणि तू बाथरूम दाखवलंयस पूर्वेला, काकूंना सकाळचं ऊन मिळावं म्हणून. मोजलं तर पाइप ५० फूट जातो. चार इंची पाइपाला दहा फुटांना तीन इंच उतार हवा, म्हणजे १५ इंच उतार. फरशीखाली पाइप निघतो तोच फूटभर खाली. झाले २७ इंच. टाकीचं तोंड अंगणापासून जेमतेम १२ इंच खाली आहे, मी झाकण उघडून बघितलं (वास अजून नाकात आहे). मग नव्या खोलीची फरशी अंगणापासून १५ इंच वर घ्यावी लागते आणि तुमच्या जुन्या घराचं जोतं आहे १२ इंच. तीन इंचांची पायरी आली! काकूंच्या गुडघ्यांसाठी खोली बांधायची आणि दारातच त्यांना पाय उचलायला लावायचा, हे काय बरं नाही. दुसरा मार्ग म्हणजे नवीन टाकी, आणि तिचा खड्डा, बांधकाम, झाकण, शोषखड्डा असं धरलंस तर तुझे वरचे पन्नास हजार तिथंच संपतात.

म्हणून माझं म्हणणं, खोली पूर्वेलाच राहू दे, बाथरूम तिच्या मागच्या अंगाला घे. अंतर ३० फुटांवर येतं, उतार नऊ इंच, फरशी जुन्या घराच्या लेव्हलला मिळते. ऊन खिडकीतून येईलच, बाथरूमला ऊन कशाला? कागदावर पेन्सिलीने फिरवायचं आहे तोवर हे फुकट आहे. खोदाई झाल्यावर तोच बदल गवंडी पैसे घेऊन करेल आणि वर चार शब्द ऐकवेल.

दुसरं, पाया. तुमच्या बाजूला काळी माती आहे हे तुला मी सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घराचा पाया इतकी वर्षं बसून स्थिर झालाय, नवीन खोली पहिली दोन-तीन वर्षं आपलं बसणारच. दोन्ही भिंती एकमेकींत दाते काढून गुंफल्या तर जोडावर तडा ठरलेला. त्यामुळे नवी भिंत स्वतंत्र उभी कर, मध्ये सांधा ठेव आणि वर तो सांधा पाण्यापासून नीट झाक. पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, पण मुरूम तीन फुटांवर लागेल की सहा, हे ठेकेदाराला ठाऊक नाही, तुला नाही आणि मलाही नाही. सगळे अंदाजाने साडेतीन धरतात आणि पुढचं "जादा काम" म्हणून येतं. ठेका ठरवायच्या आधी दोन बिगारी लाव, कोपऱ्यात तीन बाय तीनचा खड्डा घे. एका दिवसाच्या हजेरीत तुझ्या बजेटमधला सगळ्यात मोठा अंधार दूर होतो. खड्डा बघून मगच त्याला दर विचार.

जोत्याच्या आतली काळी मातीही फूटभर काढून टाकायची, तिच्यावर फरशी घालायची नाही. आतली जागा २०८ फूट, एक फूट काढलेली आणि एक फूट वरची, असे दोन फूट मुरूम. जवळजवळ सव्वाचारशे घनफूट होतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात धुमसल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाच ब्रास धर. आणि ही ऑर्डर लवकर दे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या सगळ्या कारखान्याच्या रांगेत. मग दोन ब्रास मुरमासाठी लोक माझ्या दुकानात येऊन "कुणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे का" विचारतात.

स्लॅबची मात्र सगळे उगाच धास्ती घेतात. छज्जा धरून २९० फूट, पाच इंच जाडी. २७-२८ पोती सिमेंट आणि तीनशे किलोच्या आसपास सळई, बास. (१२ मिलिमीटरची ४० फुटी सळई साधारण पावणेअकरा किलो भरते, काट्यावर बघून घे, माझ्या दुकानातली असली तरी.) वहिनींनी फोनवर विचारलं होतं की जीएसटी कमी झाला त्याचा किती फायदा? २२ सप्टेंबरपासून सिमेंटवर २८ चे १८ टक्के झाले, खरं आहे. पोत्याची मूळ किंमत ३०० धरली तर ३० रुपये वाचले. सगळ्या कामाला सव्वाशे-दीडशे पोती लागतील, म्हणजे चार हजारांच्या आसपास. बाथरूमचे नळ चांगले घ्या त्यात.

तू विचारलंयस, पैसे कमी पडले तर कशात काटायचं. छतापर्यंतच्या टाइल काट, बाथरूमला सात फूट पुरतात. पीओपी काट. खोलीच्या आतला रंग पुढच्या दिवाळीला दे, गिलावा वाळायलाही वेळ मिळेल. पण लिंटेलची, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरची काँक्रीटची पट्टी काटायची नाही. ठेकेदार दारं-खिडक्यांपुरतीच पट्टी टाकतात, तू चारी भिंतींवरून सलग घे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आपल्या घरात अजून सांगतात, तुमच्या आजोबांच्या घराची भिंत गेली ती तेव्हाच. जादा लागतात त्या थोड्या सळया आणि काही पोती. आणि बाथरूमचं दार. अडीच फुटांच्या दारातून आज काकू जातील, पण उद्या कुणी हाताला धरून न्यायची वेळ आली तर दोघं मावत नाहीत. तीन फुटांचं कर, टाइल खरबरीत घे, कमोडशेजारी भिंतीत पकडायला दांडी. "पुढे वर मजला चढवू" म्हणून जाड कॉलम आणि त्यांच्याखाली मोठे फुटिंग घालायला ठेकेदार सांगतोय, ते विसर. तू पुण्यात, पोरगी बंगळुरात, वर राहणार कोण?

पैसे देण्याचं. मी मटेरियलसकट ठेक्याच्या विरुद्ध नाही, तू तिकडं असताना मजुरीवर काम देऊन माल कोण मोजणार? पण हप्ते कामाला बांध: जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी. सुरुवातीला उचल मागतील, ती जोत्याच्या खर्चाएवढीच. शेवटचे चाळीस हजार पहिला मोठा पाऊस होईपर्यंत तुझ्याकडे ठेव, कारण जुन्या भिंतीला नवा स्लॅब भेटतो तो जोड गळतो की नाही हे मृगातच कळतं. हे आधीच लिहून घे, मागाहून म्हणालास तर भांडण. चौकट बसवताना पूजा, गवंड्याला टॉवेल-टोपी आणि स्लॅबच्या दिवशी सगळ्यांचं जेवण हे पण हिशोबात मांड. कुणी मांडत नाही आणि प्रत्येकाला लागतं.

कर्जाचं बघशील तर तीन लाख, ९ टक्के, पाच वर्षं असं धरलं तर महिना ६,२२८ पडतो आणि व्याज सगळं मिळून ७३-७४ हजार. मी म्हणेन दीड लाखच काढ, बाकी तुझी शिल्लक. ऊसबिलावर मात्र हप्ते बांधू नकोस. कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असं कायद्यात लिहिलंय, पण गवंडी शनिवारी पगार मागतो.

आणि तात्यांची सही. घराच्या उताऱ्यावर तुझ्या वडिलांबरोबर त्यांचं नाव आहे. ग्रामपंचायतीत परवानगीचा अर्ज टाकताना संमती लागेल आणि बँकही तेच विचारेल. तू स्वतः ये, फोनवर सही मागू नकोस. त्यांना वाईट वाटतं ते न विचारल्याचं. पुढे घरपट्टी वाढेल तीही दोघांच्या नावावर येणार, ते आताच बोलून घे.

खड्ड्यासाठी बिगारी बघून ठेवतो. तू शुक्रवारी रात्री निघालास तर शनिवारी सकाळी खोदाई, दुपारी तात्यांकडे जाऊ. येताना ठेकेदाराचा तो कागद मूळ घेऊन ये, फोटोत मागची बाजू दिसत नाही आणि तिथं काहीतरी लिहिलेलं आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा दोस्त,
दुकानदार