यंदाचा फराळ आणि माळ्यावरचा सोऱ्या

पुणे, १० ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळे ठीक आहेत. फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा आई म्हणाली, अनारशाचे तांदूळ भिजत घातलेत. दुसऱ्यांदा म्हणाली, मनूसाठी वेगळा डबा काढून ठेवणार आहे. दोन्ही वेळा माझं वाक्य तोंडातच राहिलं. म्हणून लिहितेय, आणि एका दमात लिहून टाकते: यंदा दिवाळीला मी आणि मनू बडोद्याला येत नाही. १८ तारखेचं तिकीट परवा रद्द केलं.

दादाचं टोरांटोहून येणं होणार नव्हतंच, त्यात आता मी. मला कळतंय ते. आई, तू "बरं" म्हणशील आणि फोन बाबांकडे देशील, तेही कळतंय. म्हणूनच पत्र. पत्र कुणाकडे देता येत नाही, वाचावंच लागतं.

१८ पासून पाडव्यापर्यंत आम्ही सीनाकाठी असू, माढा तालुक्यातल्या एका गावात. बाबांनी सप्टेंबरात पुराच्या बातम्या बघून विचारलं होतं, सीना म्हणजे नक्की कुठली? अक्कलकोटला जाताना तुम्ही लांबोटीला चिवडा घ्यायला गाडी थांबवायला लावलीत ना, ती. तिथेच पाणी चढून पुणे-सोलापूर हायवे बंद पडला होता. पलीकडे परंड्याला तर माणसांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी ऑफिसातल्या पाच जणांबरोबर तिकडे जाऊन आले. तुम्हाला सांगितलं होतं, कामासाठी सोलापूरला चाललेय. तसं खोटं नव्हतं.

पाणी उतरलं होतं. ऊस आडवा, त्यावर वाळलेला गाळ. नदीला लागून असलेल्या रानात मातीच उरली नाही, खालचा मुरूम उघडा पडलाय. बाबा, तुम्ही पेपर पुढे करून म्हणाल, सरकार देतंय की, खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, शिवाय मनरेगातून ३ लाख. देतंय. पण माती परत आणायची कुठून, हे तिथल्या आजोबांनी मला विचारलं आणि मी बूट झटकत उभी राहिले.

बरीच कुटुंबं अजून शाळेतच आहेत. व्हरांड्यात दोरीवर सातबारा, रेशनकार्ड, पोरांच्या वह्या वाळत घातलेल्या, आणि कोपऱ्यात कपड्यांचा ढीग, कमरेइतका. टिकल्यांचे फ्रॉक, एका पायाच्या चपला, सूट. मला तुमचं भचाऊ आठवलं, बाबा. २६ जानेवारी २००१, कच्छचा भूकंप. आपल्याकडे झेंडावंदनाच्या वेळी फडताळातली भांडी वाजली, आणि चौथ्या दिवशी तुम्ही ट्रकबरोबर निघून गेलात. माझी बारावी होती. मी रुसले होते, आई तर बोललीच नव्हती तुमच्याशी. परत आलात ते दाढी वाढवून, आणि पहिलं काय बोललात तर, "रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेत, गुरंसुद्धा हुंगून जातात. द्यायचं तर असं द्यावं की घेणाऱ्याला लाज वाटू नये." तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता बेचाळीस वर्षांची आहे आणि तुमचंच वाक्य तुमच्यावर टाकतेय. चालतं का असं?

तरीसुद्धा खरं कारण ते नाही.

खरं कारण गेल्या वर्षीचा ऑगस्ट. जन्माष्टमीचा पाऊस, विश्वामित्रीचं पाणी ३५ फुटांच्या वर. आईचा शेवटचा फोन आला, "देव वर नेलेत, आम्हीही वर जातो, मगरी फिरतायत म्हणे." नंतर दोन दिवस फोन बंद. त्या दोन दिवसांत मला अकोट्याच्या त्या पत्र्यावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ ऑफिसातल्या सगळ्यांनी पाठवला, "बघ तुझं गाव." आणि मी उत्तरात हसऱ्या बाहुल्या पाठवल्या. हे मी आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही तेव्हा वरच्या बेनच्या खोलीत मेणबत्तीवर बसला होतात. खाली फ्रिज तरंगत होता. पेटीबद्दल मी काही लिहीत नाही. (आई, तू मोठ्याने वाचत असशील तर ही ओळ गाळ.)

गाड्या बंद होत्या हे खरं. नंतर सुरू झाल्या होत्या हेही खरं. मी आले गणपतीत, दहा दिवसांनी, चार दिवसांसाठी, आणि फावड्याने गाळ काढून मोठं काही केल्यासारखी परत गेले. तुम्हाला ज्यांनी जगवलं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेली पोरं. खिचडी, पाण्याचे पाऊच, दुधाच्या पिशव्या. आई, तू त्यांना नाव विचारायचं विसरलीस, हे मला निदान पाच वेळा तरी सांगितलंस. त्यांना शोधून काढणं काही होणार नाही. माढ्यातल्या कुणाला मी केलं म्हणून ते फिटतं असंही नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण घरात बसून तुझे अनारसे खायला यंदा मन घेईना.

आता तुला राग येणारच: तेव्हाही आली नाहीस, आत्ताही नाहीस, आणि वर आमचंच नाव पुढे करतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आई. १ नोव्हेंबरला सकाळी आम्ही दोघी दारात असू, तुळशीचं लग्न तुझ्याबरोबर लावू आणि मनू पुढे चार दिवस राहील. तिचं तिकीट काढलंय, पत्राबरोबर प्रत जोडलीय, म्हणजे तुला नुसता शब्द वाटणार नाही. तसंही सोसायटीची दिवाळी २० ला आणि आपलं लक्ष्मीपूजन २१ ला, पंचांगानेच यंदा घोळ घातलाय. (हा लंगडा युक्तिवाद आहे. केला मी.)

तिथे नेतोय काय, ते सांगते, कारण यात तुझा हात आहे. पुरात तुमच्याकडे पुऱ्या आल्या, बिस्किटं आली, सगळं आलं. पण तिसऱ्या दिवशी खाली उतरून, कट्टा पुसून, तू स्वतःच्या पातेल्यात आलं किसून चहा ठेवलास तेव्हा रडलीस. बाबांना वाटलं फ्रिजसाठी रडतेय. माढ्यात शाळेच्या पायरीवर तुझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. मी शहाण्यासारखं विचारलं, फराळाचे डबे किती आणू? त्या म्हणाल्या, "लाडू-चिवडा येतुया गं बाई, लई येतुया. पर आपल्या घरात तळणाचा वास सुटल्याबिगर दिवाळी आल्यागत वाटंना."

म्हणून डबे रद्द, शिधा नेतोय. ४२ घरं. घरटी २ किलो बेसन, ३ किलो साखर, ३ लिटर तेल, रवा, पोहे, डाळं, शेंगदाणे, आणि मुख्य म्हणजे एक लोखंडी कढई आणि झारा. शेगडी ज्यांची वाहून गेली त्यांना शेगडी. भाजणी तिथल्याच गिरणीत दळून घेणार, ती सुरू झालीय. साड्या नव्या आणि रंग निवडून, मागच्या खेपेला प्रत्येकीला विचारून आलोय. एक आजी दोनदा म्हणाल्या, "आमी निवडायचा?" आणि मग अर्धा तास ठरवून डाळिंबी सांगितला. उटणं आणि मोती साबण मनूच्या हट्टापायी. जनावरांना मुरघास दुसऱ्या टेम्पोने. वसुबारस १७ ला आहे. ज्या गोठ्यातली गाय गेली तिथे त्या दिवशी काय बोलायचं ते मला कळत नाही, म्हणून मी १८ ला निघतेय. पळपुटेपणा आहे, माहितीय.

पैशांचं विचाराल. माझा बोनस आहे आणि आम्ही सहा जणांनी वाटून घेतलंय. तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता मी आधीच भरलाय, त्याला हात लावलेला नाही. राहायचं शाळेच्या वरच्या वर्गात, बायका वेगळ्या, पाण्याचे जार बरोबर, आमच्यात एक डॉक्टर आहे. मनूची स्वेटरची पिशवी भरून तयार. नदीकडे ती एकटी जाणार नाही, हे तिच्याकडून लिहून घेतलंय. रोज रात्री ९ ला फोन करीन, रेंज नसली तर १० पर्यंत वाट बघा आणि मगच काळजी करा.

काल रात्री तिने विचारलं, तुमच्या लहानपणी दिवाळीत काय असायचं? मी दांडिया बाजारच्या वाड्यातला किल्ला सांगितला. बाबा ल्यूनावर पुढे पोतं ठेवून विश्वामित्रीकाठची माती आणायचे, आई म्हणायची साडीला लागली तर बघा, आणि आजूबाजूची सगळी गुजराती मुलं "किल्लो जोवा" यायची. पहाटे आई बंबातलं पाणी घेऊन मला मोरीत बसवायची, उटणं डोळ्यांत गेलं की मी किंचाळायची आणि तू फुंकर घालायचीस. तुझ्या फुंकरीला कपड्यांच्या साबणाचा आणि वेलदोड्याचा वास असायचा. गेल्या वर्षी गाळ काढताना तीच किल्ल्याची माती हाताला लागत होती. मऊ, काळपट. तेव्हा बोलले नाही.

बरं, आता ऐका, आणि यात चर्चा नको. बाबा, तुमची तीन महिन्यांची साखर ८.२ आली आहे, तेव्हा लाडू रोज अर्धा, आणि "अर्धा-अर्धा" करून दोन नाहीत. संध्याकाळी फटाक्यांचा धूर सुटायच्या आत खिडक्या लावा, पंप उशाशी ठेवा. कमाटीबागेत फिरायला उजाडल्यावर जा, अंधारात नाही. भाजीसाठी खंडेराव मार्केटपर्यंत जायचं कारण नाही, खाली गाडीवाला येतो तो दोन रुपये जास्त घेईल तर घेऊ दे. आई, तुझा गुडघा. चकल्या यंदा नको, शेव पण नको, उभं राहून तळायचं काही नको. अनारसे झालेत तेवढे पुरे. घासपूस करायला येणाऱ्या मुलीला लक्ष्मीपूजनाच्या आधी दोन दिवस जास्त बोलावलंय, तिचे पैसे मी पाठवलेत, तू पुन्हा देऊ नकोस. वरच्या बेन म्हणाल्यात की लक्ष्मीपूजन त्यांच्याकडेच करू, दोघांनी जा. त्यांनी तुम्हाला तीन दिवस सांभाळलंय, तुम्ही गेलात तर त्यांना बरं वाटेल. आणि कागदपत्रांची फाइल वरच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये घातलीत का, हे मी चौथ्यांदा विचारतेय.

ओवाळणीचं पाकीट ठेवून द्या, बाबा. तुळशीच्या लग्नाला घेईन, व्याजासकट.

तुमची,
ठमी

ता. क. आई, एक मागायचंय, आणि मागताना माझीच मला लाज वाटतेय. ४२ घरांना मिळून आमच्याकडे नऊच सोऱ्ये जमलेत. आजीचा पितळी सोऱ्या माळ्यावर डाव्या ट्रंकेत आहे, चांदणीच्या चकतीसकट. तू स्टुलावर चढायचं नाही. बाबांनीही नाही. घासपूस करणाऱ्या मुलीला चढव, आणि १५ तारखेच्या आत कुरिअरने पाठव. जुन्या पातळात गुंडाळ, चकती वेगळी. परत येताना मी घासून आणीन.