गच्चीवरून ड्रोन नको

महोदय,

सुटीच्या दिवशी नवी मुंबईत इमारतींच्या गच्च्यांवरून ड्रोन उडवले जातात. त्यासाठी गच्ची ही सर्वांत वाईट जागा! स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनच्या होकायंत्राची दिशा चुकते. तिथेच होकायंत्राचे कॅलिब्रेशन (दिशा जुळवून घेणे) केले, तर ड्रोन हवेत गोल गोल फिरत भरकटू शकतो. कॅलिब्रेशन मोकळ्या मैदानात, गाड्यांपासून लांब करावे.

दुसरी चूक ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोनने आपोआप परत येण्याच्या सोयीची. रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवरून सरळ रेषेत परततो. ती उंची ३० मीटरच ठेवली असेल, तर वाटेतला वीस मजली टॉवर त्याला आडवा येणारच, आणि अडथळा ओळखणारे सेन्सर स्वस्त ड्रोनमध्ये नसतात. दुपारी खाडीकडून वारा सुटतो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे परतीला बॅटरी पुरते.

२०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट परवाना लागत नाही. याचा अर्थ तो कुठेही उडवावा असा नाही. आता शहरातच विमानतळ आहे. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा प्रत्येक वेळी पाहिलाच पाहिजे. खाडीकाठच्या फ्लेमिंगोंवर तर ड्रोन नेऊच नये, अख्खा थवा बिथरतो. महापालिकेने मैदानांवर आणि खाडीकाठी तसे फलक लावावेत, ही विनंती.

— एक ड्रोनप्रेमी, नेरूळ