गोळ्यांची पट्टी पाठवतो आहे

अजनी, नागपूर
मारबतीनंतरचा चौथा दिवस

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत तुझ्या दारू सुटायच्या गोळ्यांची पट्टी आहे. फ्रिजवर चहाच्या डब्यामागं राहिली होती. आमच्या जुन्या गार्डबाबूंचा मुलगा उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याला येतो आहे, त्याच्या हाती पाकीट देतो. तो उघडून बघणाऱ्यातला नाही. तरी मी वरून 'बीपीच्या गोळ्या' असं लिहिलं होतं. मग लाज वाटली, खोडलं. आता नुसतं तुझं नाव आहे.

फोनच करणार होतो. पण फोनवर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहायला बसलो आणि ठरवलं की त्यात ते वाक्य येऊ द्यायचं नाही.

चार दिवस झाले ना रे गोळीविना? की तिकडच्या दुकानातून घेतलीस?

आलंच शेवटी. जाऊ दे.

काल मी ओपीडीत जाऊन आलो. एकटाच. चिठ्ठी काढून, तुझी फाइल काखेत धरून बाकावर बसलो होतो. तो जिभेखाली गोळी ठेवणारा पोरगा आला होता, गर्दवाला, त्याची आईही होती. तिनं विचारलं, "आज तुमचे चिरंजीव नाही आले?" मी म्हटलं, बहिणीकडे गेला आहे. खोटं नव्हतं, पण बोलताना खोट्यासारखं वाटलं.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुटले ते दिवस सुटले, भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, रोजची एक, पन्नासची, तिथूनच पुढं सुरू. मग विचारलं, "दारू घेतली हे त्यानं स्वतः सांगितलं की तुम्ही पकडलं?" मी म्हटलं, दोन्ही. मी तोंड हुंगलं आणि त्यानं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचायला गेलो, पण डॉक्टरांचं अक्षर.

घरी येताना मेडिकल चौकात चहाला थांबलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. तू 'हो' म्हणाला होतास. तीन वर्षांत पहिल्यांदा. मागं तर शर्टावर सांडलेली असायची तरी तू म्हणायचास, बाजूच्यानं सांडली. या वेळी तू दारातच चप्पल काढता काढता म्हणालास, "हो बाबा, घेतली. दोन पेग. इतवारीत पोट्टे भेटले." आणि मी काय बोललो? "गेले चौऱ्याहत्तर दिवस नाग नदीत!" सगळा मजला ऐकत होता. तुझं म्हणणं, "तुम्ही काय अजून लॉबीत बसून राहिले का, माझं तोंड हुंगायले?" तेही मजल्यानं ऐकलं.

लॉबीचं तू बरोबर बोललास. ड्यूटीवर चढायच्या आधी आम्ही इंजिन ड्रायव्हरांनी रेल्वेच्या त्या खोलीत नळीत फुंकायचं, मशीननं दारूचं शून्य दाखवलं की सही. किती वर्षं फुंकलं असेल मी. एकदाही आकडा आला नाही याचा मला गर्व आहे, आणि तो गर्व मी घरात फार मिरवला हेही आता कळतं. मशीनला फक्त आकडा कळतो. माणूस कुठून निघाला, किती चढ चढून आला, ते मशीनला काय कळणार.

माझ्या स्वतःच्या बीपीच्या गोळीचंच घे. महिन्यातून चार वेळा विसरतो. तुझी आई "घेतली का हो" एवढं विचारते, कुणी माझ्या पिढ्यांचा उद्धार करत नाही.

त्या व्यसनमुक्ती केंद्राबद्दल मी तुझी अजून नीट माफी मागितलेली नाही. शहराबाहेरचं ते, नाव लिहवत नाही. कागदावर सही माझीच होती. तीन महिने भेटायचं नाही म्हणाले, मी ऐकलं. तुझं डोकं भादरलेलं पाहिलं तेव्हा म्हटलं, उवा झाल्या असतील. पायावरचे साखळीचे वळ पाहिले आणि काहीच म्हटलं नाही. बाहेर येऊन आठव्या दिवशी तू प्यायलास, तेव्हा मी नातेवाइकांत सांगत फिरलो की पोरातच दम नाही. ओपीडीतल्या समाजसेविकेनं पुढं मला कायदा सांगितला, २०१७चा मानसिक आरोग्याचा. दारू-ड्रग्जमुळं होणारा आजारही त्यात येतो, आणि रुग्णाला साखळी घालणं, जबरदस्तीनं मुंडण करणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. आम्ही रेल्वेवाले नियमपुस्तक तोंडपाठ करणारी माणसं, आणि हे मला साठीनंतर कळावं.

अजून एक कबुली. मागच्या उन्हाळ्यात ऑटोच्या मागं 'न सांगता दारू सोडवा' असं छापलेलं असतं ना, त्यातली पुडी मी आणली होती. वरणात घालायची म्हणून. आईनं हातातून घेऊन संडासात टाकली. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या माझ्यावर चांगल्याच तापल्या. म्हणाल्या, असल्या पुडीत काय असतं कोण जाणे, आणि डायसल्फिराम असलं तर त्यावर दारू पडली की बीपी कोसळून माणूस जाऊही शकतो, ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात. तुझी आताची गोळी तशी नाही, नालट्रेक्सोन. हिच्यावर प्यायलं तर उलट्या होत नाहीत, प्यायची मजा तेवढी जाते. दोन पेगांवर तू उठून घरी आलास ते या गोळीमुळं असेल का रे? पूर्वी दोनवर कधी थांबला होतास?

विचारायचं नाही म्हणता म्हणता पुन्हा गोळीवरच आलो.

आता जे सांगायला हे पत्र सुरू केलं ते सांगतो. दिगूकाकाबद्दल.

तुला माहीत आहे तो ऊन लागून गेला. घरात सगळे तेच सांगतात, काकूही तेच सांगते, फोटोखालीही आम्ही तेच ठेवलं आहे. १९९१चा नवतपा होता, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, त्यामुळं कुणी जास्त विचारलंही नाही. दिगू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचा. पतंग असा उडवायचा की संक्रांतीला महालातली पोरं आमच्या गच्चीवर मांजा द्यायला यायची. तू मांजा गुंडाळतोस ना, अंगठ्यावरून आठ काढत, ते त्याचं. तुला कुणी शिकवलं नाही, तरी तुझ्या हातात आलं.

दिगू सकाळी उठल्यापासून प्यायचा. माय म्हणाली, कोंडा त्याले, आठ दिवसांत सुटते. सगळ्यांनी मान हलवली. मागच्या खोलीत कोंडला. कडी मी लावली.

पहिल्या दिवशी हात थरथरत होते, घाम. आम्ही म्हटलं, नाटकं. दुसऱ्या रात्री झटका आला, दात बसले. माय म्हणाली बाहेरचं आहे, लिंबू उतरवलं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणत होता, "दादा, मुंगळे येऊन राहिले, मले बाहेर काढ." अंग तव्यासारखं. मी त्याला बाहेर काढलं, पण संध्याकाळी. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो पोहोचला नाही, रिक्षातच गेला.

दारू अंगात इतकी भिनलेली माणसं एकदम थांबवली तर मरू शकतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. झटके पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रम तिसऱ्या दिवसाच्या आसपास. डॉक्टरबाई हे बोलल्या तेव्हा मी खिडकीकडे बघत होतो. तू माझ्याकडे बघत होतास. तुला वाटलं, बाबांचं लक्ष नाही.

म्हणून जूनमधली ती रात्र. तू रात्री दहाला म्हणालास, "बस झालं, आत्तापासून एकदम बंद." कुठल्याही बापानं पेढे आणले असते. मी चप्पल घालून खाली गेलो आणि तुझ्यासाठी क्वार्टर घेऊन आलो. रिटायर्ड लोको पायलट, सगळी कॉलनी ओळखते, वर्तमानपत्रात गुंडाळून क्वार्टर आणतो आहे. तुझ्या हातात ग्लास मी दिला. म्हटलं, आज थोडी घे, सकाळी डॉक्टरकडे जाऊ, मग बंद. तू मला वेडा समजलास. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रात्रभर तुझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो, दार सताड उघडं ठेवून. का, ते आज तुला सांगतो आहे.

सकाळी त्यांनी तुझी नाडी, बीपी पाहिलं, आधी कधी झटका आला होता का ते विचारलं, लिव्हरच्या तपासणीला रक्त घेतलं, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, भरती करायची गरज नाही, घरी राहून होईल, पण घरचं कुणीतरी चोवीस तास पाहिजे. थरथर, झटके येऊ नयेत म्हणून लिब्रियमच्या गोळ्या, दोन-दोन दिवसांच्याच द्यायच्या, दर वेळी एकेक कमी. त्या माझ्या खिशात. एवढं साधं होतं रे ते. थोड्या गोळ्या, एक सुई आणि दार उघडं. दिगूला एवढंच पाहिजे होतं.

त्याच समाजसेविकेनं एक आकडा सांगितला होता, केंद्र सरकारच्या २०१९च्या अहवालातला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एखाद्यालाच कुठला तरी उपचार मिळतो. बाकीच्यांसाठी कड्याच असतील घरोघरी.

वर्ध्यात दारूबंदी आहे म्हणून आई निर्धास्त आहे. मी काही बोललो नाही. बंदीच्या जिल्ह्यांतून मी आयुष्यभर गाड्या नेल्या. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. आधी, मधे, नंतर, पिणारा प्यायचाच. तेव्हा ताईच्या घरामागच्या गल्लीत कोण काय विकतो ते तुला दोन दिवसांत कळलं असेल. कळलं तर कळलं. संध्याकाळी सात ते नऊ एकटा राहू नकोस. उपाशी राहू नकोस. जावईबापूंना सांग, लाजू नकोस, ते समजूतदार आहेत, तुझ्या लग्नाचं मोडलं तेव्हा तेच एकटे गप्प बसले होते. फार वाटलं तर १४४४६ला फोन कर, व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, पैसे लागत नाहीत. ताईच्या चिकूला गाडीवर घेऊन हिंडताना पडलास-बिडलास तर दवाखान्यात आधी ही गोळी चालू आहे ते सांग, तिच्यावर काही कडक वेदनाशामकं लागू पडत नाहीत. आणि मीटिंगला

बघ, लेक्चर सुरू झालं. तू वाचताना डोळे मिटले असशील. माफ कर. एवढंच वाच की पडू नकोस.

तू पाच वर्षांचा असताना तुला खांद्यावर घेऊन मारबत दाखवायला नेलं होतं. काळ्या न् पिवळ्या मारबतीचे पुतळे समोरासमोर आले, सगळे ओरडत होते, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि तू माझे केस धरून ओरडलास, "गणिताच्या बाईंना घेऊन जा गे मारबत!" पुढचा सगळा घोळका हसला. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा पोरगा कुठल्याही गर्दीत आपलं म्हणणं मांडेल. परवा दारात मांडलंस की. मीच ऐकलं नाही.

गाडीत आम्ही दोघं असायचो, मी आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघांनीही मोठ्यानं पुकारायचा. दोघांनाही दिसतो, तरी पुकारायचा. मी असिस्टंटला कधी म्हटलं नाही, माझ्यावर भरवसा नाही का. मी रोज रात्री गोळीचं विचारतो ते तसलं समज. नाही समजता आलं तर सांग, आईला विचारायला सांगतो. ती बरं विचारते.

गुरुवारी ओपीडी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, आला तर बरं, नाही आला तर पुढच्या गुरुवारी, फाइल कुठं जात नाही. त्यांनी हे सहज म्हटलं. मला अजून सहज म्हणता येत नाही.

गाडीनं आलास तर अजनीलाच उतर. मी प्लॅटफॉर्मवर येणार नाही, आई म्हणाली येऊ नका, तो तोंड चुकवेल. मी पुलावर असेन. तिथं मी तसाही रोज असतो.

तुझा,
बाबा

ता. क. पट्टीत सहा आहेत. मी मोजल्या नाहीत, आईनं मोजल्या.

ता. क. मीही मोजल्या.