लोकेटर तपासल्याशिवाय ड्रिलिंग नको

मा. संपादक,

शहरात फायबर आणि वीज केबल टाकताना आता रस्ता न खोदता आडवे ड्रिलिंग केले जाते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ड्रिल हेड, म्हणजे जमिनीत पुढे सरकणारे ड्रिलचे टोक, कुठे आणि किती खोल आहे, हे वर चालणाऱ्या माणसाला केवळ लोकेटरवरून, म्हणजे हेडमधल्या ट्रान्समीटरचा सिग्नल पकडणाऱ्या हातातल्या यंत्रावरून कळते, आणि लोकेटर नीट कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजलेल्या अंतराशी आकडा जुळवून घेतलेला नसेल तर आकडा चुकतो. मी बरीच वर्षे हातात लोकेटर धरून हेच काम केले आहे.

ट्रान्समीटर ज्या हेडमध्ये बसून आत जाणार, त्यातच ठेवून लोकेटर त्याला समांतर, टेपने मोजून तीन मीटरवर धरायचा, कॅलिब्रेट करायचे आणि मग दीड व साडेचार मीटरवरही आकडा जुळतो का ते पाहायचे. याला दहा मिनिटे पुरतात. ही जागा मशीन, गाड्या आणि लोखंडी सळ्या यांपासून दूर हवी. प्रत्यक्षात मशीनशेजारी, सिमेंट रस्त्यावरच ते उरकले जाते. लोखंडाने सिग्नल दबलेल्या जागी कॅलिब्रेट केले की पुढे मोकळ्या जमिनीत हेड उथळ भासते. मोकळ्या जागी केले आणि वाटेत सळयांचा स्लॅब आला, तर ते आहे त्यापेक्षा खोल दिसते. पाइप फुटतो तो यामुळे.

एकदा आमच्याच कामावर ट्रान्समीटर बंद पडला. दुसरा बसवला, पण घाईत पुन्हा कॅलिब्रेट केले नाही. लोकेटर दोन मीटर दाखवत होता आणि हेड दीड मीटरवरच्या पाण्याच्या पाइपमध्ये शिरले. त्या गल्लीतल्या बायका दोन दिवस हंडे घेऊन टँकरची वाट पाहत होत्या, हे मी विसरलेलो नाही.

व्यत्ययाची तपासणी तर बहुतेक ठिकाणी होतच नाही. ट्रान्समीटर बंद ठेवून बोअरच्या पूर्ण मार्गावर लोकेटर घेऊन चालले, की कुठे परका सिग्नल येतो ते कळते. नंतर ट्रान्समीटर चालू करून एकाने तो आणि दुसऱ्याने लोकेटर घेऊन, दोघांत नियोजित खोलीएवढे अंतर ठेवून, त्याच मार्गावर चालायचे. रोल आणि पिच, म्हणजे हेड किती फिरले आणि किती कलले याचे आकडे, खंडित झाले, तर दुसरी फ्रिक्वेन्सी निवडायची. वर्धा रोडवर मेट्रोच्या 25 किलोव्होल्टच्या तारा, चौकातील सिग्नल आणि भूमिगत केबल असताना हे टाळणे परवडणारे नाही.

मार्च 2023 मध्ये केंद्राने खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी ॲप सुरू केले. त्यातून वाटेत कोणाची लाइन आहे ते कळू शकते, हेड कुठे आहे ते नाही. म्हणून महापालिकेने रस्ता परवान्याच्या अटींतच कॅलिब्रेशन व व्यत्यय तपासणीची सहीसह नोंद मागावी, आणि ट्रान्समीटर बदलला की ती नव्याने घ्यावी, ही विनंती.

एक लोकेटर ऑपरेटर, नागपूर