कार्ड क्रमांक १ मागवलं होतं, स्टिकर क्रमांक १ नव्हे

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

तुमच्याशी चौथा फोन आत्ताच संपला, म्हणून लिहितो आहे. ऑर्डर तुमच्यासमोर असेलच: संग्रहाची कार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीने १९८४ साली काढलेल्या मायकल जॅक्सनच्या पहिल्या सीरिजमधलं कार्ड क्रमांक १, किंमत १,८५० रुपये. पाकिटातून निघाला स्टिकर क्रमांक १.

संग्रहाच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीला हे सांगावं लागू नये, तरी चार वेळा सांगितलं. या सीरिजमध्ये ३३ कार्डं आहेत आणि ३३ स्टिकर. दोन्हींचे क्रमांक १ पासूनच सुरू होतात. माझ्याकडे स्टिकर सगळे आहेत, कार्डं ३२. राहिलंय ते एकच.

पहिल्या तीन फोनवर "रिक्वेस्ट पुढे पाठवली आहे" एवढंच ऐकलं. आज तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, फोटो मायकल जॅक्सनचाच आहे ना?" आहे, म्हटलं. "नंबर एकच आहे ना?" तोही आहे, पण हा स्टिकर आहे, कार्ड नाही. "मग लॅपटॉपवर लावा ना सर, छान दिसेल." मी राग गिळला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मला होल्डवर ठेवलं. परत आल्यावर म्हणाले, "स्टिकरच आहे हे कन्फर्म करायला मागचा कागद थोडा सोलून फोटो अपलोड करा."

चाळीस वर्षं कुणीतरी न सोलता जपलेला स्टिकर मी तुमच्या फोटोसाठी सोलायचा? सोलला तर परत घ्याल का, असं विचारलं. "नाही सर, वापरलेली वस्तू रिटर्न होत नाही." न सोलता तक्रार खरी मानणार नाही, सोलल्यावर वस्तू परत घेणार नाही! हा नियम कुणी केला? वरिष्ठांना फोन द्या म्हटल्यावर फोन कट झाला.

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमाच्या गर्दीत मी उभा होतो. तेव्हापासून हा संग्रह करतो आहे. यातली अकरा कार्डं तुमच्याकडूनच घेतली. प्रत्येक कार्ड पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, वरून टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर, कोपऱ्याला कधी धक्का नाही. मित्रांना तुमचंच नाव सांगत आलो. आता सांगणार नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात ती सोडवावी लागते. वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. ४८ तासांत पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवणार, तिथे नाही झालं तर ग्राहक आयोगात जाणार. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देईन असं समजू नका.

मला कार्ड क्रमांक १ पाहिजे. स्टिकर नको. कार्ड नसेल तर पूर्ण पैसे परत करा. स्टिकर आला तसाच, न सोललेला, पाकिटात ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवा.